भिंतीतले भोक आणि सातवा पदार्थ

इमारत प्रत्यक्ष उभी राहण्याआधी ती संगणकात संपूर्ण उभी करण्याची पद्धत आता बांधकाम व्यवसायात रुळली आहे. अशा प्रारूपात भिंत, स्लॅब, बीम, दार, पाइप या प्रत्येकाची स्वतंत्र नोंद असते आणि प्रत्येकाला ओळखक्रमांक असतो. या यादीत भोकही असते. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली प्रारूपे एकमेकांना देता यावीत म्हणून तयार झालेला आयएफसी हा खुला साचा 2013 पासून आयएसओ 16739 या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात भोकाला भिंतीच्या आकाराचा एक तपशील म्हणून गुंडाळून टाकलेले नाही. भोक हा वेगळा घटक आहे आणि ‘हे भोक या भिंतीला पोखरते’ असा संबंध त्या दोघांत नोंदवायचा असतो. दार भिंतीत बसते असे आपण बोलतो, पण या साच्यात दार भोक भरते आणि ते भोक भिंतीचे असते. दार आणि भिंत यांच्यामध्ये एक ‘नसणे’ उभे आहे, आणि त्या नसण्याला मापे आहेत, क्रमांक आहे, मंजुरीचा इतिहास आहे. जे नाही त्याला ‘आहे’ म्हणता येते का, हा प्रश्न आपल्या दर्शनांनी शेकडो वर्षे लढवला. त्या वादात नैयायिकांची, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांची, बाजू खरी होती असे माझे मत आहे. पाइप, डक्ट आणि केबल यांच्यासाठी ठेवायच्या भोकांचे नियोजन हे वरवर रुक्ष वाटणारे काम त्या बाजूने जितका भक्कम पुरावा देते, तितका त्या वादातले ठरलेले उदाहरण, भूतलावर नसलेला घट, देखील देत नाही. नैयायिकांचे विवेचन एका जागी अपुरे पडते, त्याकडेही मी येणार आहे.

न्यायाशी जोडलेल्या वैशेषिक दर्शनाच्या मूळ मांडणीत पदार्थ, म्हणजे असण्याचे मूळ प्रकार, सहा: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. अभाव हा सातवा पदार्थ पुढे जोडला गेला आणि सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पर्यंत तो इतका पक्का झाला की विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात सात पदार्थ शिकवले जाऊ लागले. (या छोट्या ग्रंथाची आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती 1897 मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली. अभावाच्या वादात शिरू पाहणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.) नैयायिक म्हणतात की अभाव कधीच मोकळा नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव तो अनुयोगी. आपल्या भोकाचा प्रतियोगी काँक्रीट आणि अनुयोगी स्लॅब. याला सर्वांत धारदार विरोध प्राभाकर मीमांसकांचा. त्यांचे म्हणणे असे की ‘जमिनीवर घट नाही’ याचा अर्थ फक्त ‘नुसती जमीन’ एवढाच. जमीन दिसली की काम झाले, तिच्यावर ‘घटाभाव’ नावाचे काही जास्तीचे बसवण्याची गरज नाही. मीमांसेतल्याच कुमारिलांच्या भाट्ट संप्रदायाने अभाव मानला आणि तो कळण्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे वेगळे प्रमाणही मानले. बौद्ध तार्किकांनी मात्र अभावाला कल्पनेपलीकडे वास्तव दिले नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात 1970 मध्ये डेव्हिड आणि स्टेफनी लुईस यांनी भोकांवर एक संवाद लिहिला. त्यातला जडवादी प्राभाकरांच्या जवळ जातो. तो म्हणतो, भोक म्हणजे भोकाभोवतीचे अस्तर, दुसरे काही नाही.

प्राभाकरांची बाजू आजच्या भाषेत मांडली तर अशी होईल. स्लॅबचा अंतिम आकार नीट वर्णन करा, त्यात कुठे काँक्रीट आहे ते सांगा, की सगळे सांगून झाले. संगणकाला हे सहज जमते. भोकाची नोंद न करता, आरपार पोकळी असलेला एकच घन म्हणूनही स्लॅब पाठवता येतो, आणि पडद्यावर दोन्ही प्रारूपे तंतोतंत सारखी दिसतात. मग भोक ही केवळ हिशेबाची सोय नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही. नोंद झाली म्हणजे पदार्थ सिद्ध झाला असे मानले तर प्रकल्पाचे वेळापत्रकही पदार्थ ठरेल. म्हणून मी नोंदीला पुरावा मानत नाही. पुरावा पाहायचा तो नोंद नसताना काय हरवते यात. भोकाची नोंद नसलेल्या वरच्या प्रारूपात काँक्रीटचा एक कणही हरवलेला नाही. तरी ‘या मजल्यावर किती भोके आहेत, कोणत्या पाइपसाठी आहेत, त्यांतली आरसीसी कन्सल्टंटने मान्य केलेली किती आणि साइटवर कोणी परस्पर पाडलेली किती’ या प्रश्नांना ते मुके आहे. असलेले सगळे सांगूनही काही सांगायचे राहिले असेल, तर ते राहिलेले असलेल्यात मोडत नाही.

भोक जिथे नाही तिथेही त्याचा परिणाम होतो, हे आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्पष्ट दिसते. बीम नसलेल्या सपाट स्लॅबमध्ये सर्वांत मोठा धोका असतो तो कॉलम स्लॅबला भोसकून आरपार जाण्याचा. त्यासाठी कॉलमभोवती स्लॅबमध्ये एक परीघ कल्पून तिथले काँक्रीट भार पेलते का ते तपासतात. जवळपास भोक असेल तर मानक सांगते की कॉलमच्या मध्यापासून भोकाच्या दोन कडांना स्पर्श करणाऱ्या रेषा ओढा आणि परिघाचा जो तुकडा त्या रेषांमध्ये सापडेल तो निकामी धरा. ‘जवळपास’ म्हणजे स्लॅबच्या जाडीच्या दहा पटींहून कमी अंतर, म्हणजे 200 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये 2 मीटर. त्या तुकड्यातले काँक्रीट शाबूत आहे, त्यातली सळई शाबूत आहे, शेजारच्या तुकड्याहून त्यात काही वेगळे नाही. तरी हिशेबातून ते वगळायचे, कारण दीड मीटरवर काहीतरी नाही. प्राभाकर इथे म्हणतील की भार उरलेल्या काँक्रीटमधून कसा वाहतो एवढेच त्यामागचे सत्य आहे. ते मला मान्य आहे. स्लॅबच्या आकारावरून ताणांचे गणित करणाऱ्या प्रणालीला ‘भोक’ हा शब्दही लागत नाही. म्हणून हे उदाहरण अभावाकडे बोट दाखवते, पण एकट्याने वाद जिंकत नाही.

वाद जिंकणारे उदाहरण त्याच स्लॅबमध्ये, आणखी जवळून पाहिले की सापडते. ओतून झालेल्या स्लॅबमध्ये 150 मिलिमीटरचे कोअर कटिंग केले, म्हणजे यंत्राने गोल भोक कापले, आणि त्यातून 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप नेला, असे समजा. पाइपाभोवती बोटभराहून कमी फट उरते. खालच्या मजल्यावर आग लागली तर धूर आणि ज्वाळा या फटीतून वर येतील, आणि पीव्हीसी वितळला की सगळे भोकच मोकळे होईल. म्हणून फट अग्निरोधक साहित्याने भरतात आणि पाइपाभोवती उष्णतेने फुगून भोक बंद करणारी कॉलर बसवतात. आता विचारा: भोक आहे की गेले? अग्निसुरक्षा पाहणारा म्हणेल, गेले, कारण आगीला वाट नाही. आरसीसी कन्सल्टंट म्हणेल, आहे, कारण तिथे काँक्रीट नाही आणि तुटलेली सळई तुटलेलीच आहे. दोघेही खरे बोलत आहेत आणि दोघे एकाच जागेबद्दल बोलत आहेत. जागा एक, अस्तर एक, पण अभाव दोन. एकाचा प्रतियोगी काँक्रीट आहे, दुसऱ्याचा प्रतियोगी आगीला अडवणारी वस्तू आहे. दुसरा अभाव संपला, पहिला जसाच्या तसा आहे. ‘नुसते अधिकरण’, म्हणजे अभावाची नुसती जागा, मानणाऱ्याला हा फरक सांगताच येत नाही, कारण त्याच्याकडे अधिकरण एकच आहे. ‘काँक्रीटच्या दृष्टीने नुसते, आगीच्या दृष्टीने नुसते नाही’ असे तो म्हणू लागला, की प्रतियोगी त्याने मागच्या दाराने आत घेतलाच. भोक म्हणजे अस्तर म्हणणाऱ्याचीही तीच अडचण आहे. भरण्याआधी आणि भरल्यानंतर अस्तरात काहीच बदललेले नसते.

अभाव काही घडवून आणू शकतो का, या प्रश्नावर तर आपल्याकडे आगीचेच उदाहरण घेऊन वाद झाला. विशिष्ट मणी जवळ असला की आग जाळत नाही अशी समजूत गृहीत धरून मीमांसक म्हणत, आगीत दाहाची एक अदृश्य शक्ती असते आणि मणी ती रोखतो. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त उत्तर दिले की अशा शक्तीची गरज नाही, प्रतिबंधक नसणे हेच दाहाच्या कारणांपैकी एक कारण आहे. म्हणजे अभाव कारण होऊ शकतो. हे शब्दांचे खेळ वाटत असतील त्यांनी 22 मार्च 1975 रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात काय झाले ते पाहावे. नियंत्रण कक्षाकडे जाणाऱ्या केबल जिथे पसरतात ती खोली आणि अणुभट्टीची इमारत यांच्यामधल्या भिंतीत केबलसाठी भोके होती. ती नीट बुजली आहेत की हवा झिरपते आहे हे पाहण्यासाठी कामगार मेणबत्ती धरत होते. ज्योत वाकली तर गळती आहे, असे अनुमान. अणुभट्टीच्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला होता. ज्योत भोकात ओढली गेली, बुजवायला वापरलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि आग भिंतीपलीकडे गेली. ती सुमारे सात तास चालली, सोळाशेच्या आसपास केबल निकामी झाल्या आणि एका अणुभट्टीच्या आणीबाणीच्या शीतकरण व्यवस्था बंद पडल्या. शेवटी अणुभट्ट्या सुरक्षितपणे थंड करता आल्या. या घटनेची कारणे मोजताना मेणबत्ती, फोम आणि दाबातला फरक मोजून थांबता येत नाही. हे तिन्ही तसेच राहून भोक नीट बुजलेले असते, तर पलीकडच्या केबलपर्यंत आग पोहोचली नसती. उदयनांचा मणी म्हणजे आजचे अग्निरोधक भरण, आणि तो तिथे नव्हता. शिवाय ज्योत वाकण्यावरून भोक ओळखले जात होते, म्हणजे नसण्याला कार्य आहे हे त्या कामगारांच्या पद्धतीतच गृहीत होते.

धार्मिक अंगाने पाहिले तर नैयायिकांसाठी अभाव हा तर्काचा विरंगुळा नव्हता. त्यांच्या मते अपवर्ग, म्हणजे मोक्ष, ही दुःखाची आत्यंतिक निवृत्ती. तो एक अभावच आहे. म्हणून नाशातून येणाऱ्या अभावाला, प्रध्वंसाभावाला, आरंभ आहे पण अंत नाही असे त्यांनी ठामपणे सांगितले. तो संपू शकत असता तर मुक्ताला दुःख पुन्हा गाठू शकले असते. अशा सुखरहित मुक्तीत दगडासारखे होऊन काय मिळवायचे, असे वेदान्त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न मला आजही सुटलेला वाटत नाही. पण ध्वंसाला अंत नाही, हे विधान मात्र कोअर कटिंगने अक्षरशः खरे करून दाखवले आहे. स्लॅब ओतण्याआधी शटरिंगवर स्लीव्ह ठेवली तर त्या जागी काँक्रीट कधी येतच नाही. बार बेंडर सळया बाजूने वळवून नेतो आणि भोकाच्या कडांना जादा सळई टाकतो. ओतल्यानंतर कोअर कटिंग केले तर तिथे होते ते नष्ट होते, आणि मशिनखाली सळई आली तर तीही कापली जाते. दोन्ही भोके मापाने सारखी असतील, प्रारूपात एकसारखी दिसतील, पण एक कधीच नव्हते त्याचे नसणे आहे आणि दुसरे होते त्याचे. कापलेले भोक उद्या न आकसणाऱ्या ग्राउटने काठोकाठ भरले तरी आधीचे अखंड काँक्रीट आणि अखंड सळई परत येत नाही, भरण नवे असते. म्हणूनच अनुभवी अभियंता भोकाची जागा विचारून थांबत नाही, ते ओतण्याआधीचे की नंतरचे हेही विचारतो. अभावाचे भेद निरुपयोगी मानणाऱ्याने या प्रश्नाचा अर्थ लावून दाखवावा.

एक आक्षेप सॉफ्टवेअरच्या आतून येतो. प्रणालीत भोक हे प्रत्यक्षात घन असते. एक पेटी किंवा दंडगोल काढायचा आणि तो स्लॅबमधून वजा करायचा. म्हणजे अभाव मानल्याचा दावा केला तरी संगणकाने त्याला भावरूप देऊनच हाताळले, असे म्हणता येईल. पण तो दंडगोल म्हणजे अभाव नव्हे. काँक्रीट किती जागेपुरते नाही, याची ती हद्द आहे. नव्य नैयायिक ज्याला अवच्छेदक म्हणतात त्याच्या जवळची ही गोष्ट आहे, आणि हद्द भावरूप असल्याने तिच्या आतला अभाव भावरूप होत नाही. दुसरा आक्षेप जुनाच आहे: अभाव मोजायचे तर त्यांना अंत नाही, या भिंतीत हत्ती नाही, समुद्र नाही, त्यांचीही नोंद ठेवणार का? नोंद ठेवणे आणि असणे या दोन गोष्टी आहेत. वाळूच्या प्रत्येक कणाची नोंद आपण ठेवत नाही, म्हणून कण खोटा ठरत नाही. शिवाय नसणे कळण्यासाठी प्रतियोगी योग्य असावा लागतो, तो असता तर दिसलाच असता असा, हे अनुपलब्धीच्या विवेचनात फार पूर्वीच सांगून झाले आहे. भिंतीत काँक्रीट असायला हवे होते. हत्तीची तिथे अपेक्षाच नव्हती.

आता ती जागा, जिथे नैयायिकांचे विवेचन पुरत नाही. रोजच्या कामात भोकांबद्दल सर्वांत जास्त डोकेदुखी होते ती एका साध्या प्रश्नाने: भिंत सरकली तर भोक भिंतीबरोबर जाते की पाइपाबरोबर थांबते? प्रणालीत भोक भिंतीला बांधलेले असेल तर वास्तुविशारदाने भिंत एक फूट हलवली की भोकही हलते आणि पाइप कोऱ्या भिंतीवर आदळतो. प्लंबिंगवाल्याने पाइप हलवला तर भोक जुन्या जागी राहते, कोणाच्याच कामाचे नसलेले. भोकाचा अनुयोगी भिंत, प्रतियोगी काँक्रीट. या जोडीत पाइप कुठेच नाही. तरीही पाइप नसता तर हे भोक नसते, पाइप मोठा झाला तर भोक मोठे व्हायला हवे, आणि पाइप रद्द झाला तर भोकही रद्द व्हायला हवे. म्हणून सेवांची आखणी करणाऱ्याने मागितलेले पण अजून न कापलेले भोक आयएफसीमध्ये वेगळ्या तात्पुरत्या घटकाने दाखवण्याची सोय आहे. प्लंबिंग, वातानुकूलन किंवा विजेचे काम पाहणारा ती मागणी पाठवतो, आरसीसी कन्सल्टंट बीमची खोली आणि आधारापासूनचे अंतर पाहून ती मान्य करतो, सरकवायला सांगतो किंवा नाकारतो, आणि मगच भिंतीत खरे भोक होते. या टप्प्यावर काहीच कापलेले नाही, तरी भोकाचा वाद, पत्रव्यवहार, मंजुरी सुरू झालेली असते. निव्वळ काँक्रीटच्या अभावाने हे समजावता येत नाही. अभाव खरा आहे, पण त्यातले ‘हे एक भोक’ वेगळे काढण्यासाठी प्रयोजन लागते. आणखी एक फरक आहे. नव्य न्यायात लाघवासाठी, म्हणजे कमीत कमी गोष्टी मानण्यासाठी, अधिकरण बदलले तरी अभाव एकच मानतात. या जमिनीवरचा आणि त्या जमिनीवरचा घटाभाव एकच. आयएफसीत एक भोक एकाच घटकाला पोखरू शकते. डक्ट शेजारशेजारच्या दोन भिंतींतून जात असेल तर भोके दोन. मला इथे आयएफसी बरोबर वाटते. दोन भिंतींची अग्निरोधक क्षमता वेगळी असू शकते, मंजुरी वेगळी लागू शकते, आणि एक बुजवले म्हणून दुसरे बुजत नाही. लाघव हा गुण आहे, पण त्यापायी दोन वेगळी भवितव्ये एक करता येत नाहीत.

अभाव खरा आणि त्याची ओळख प्रयोजनात, हे मान्य केले तर एक व्यावहारिक गोष्ट त्यातून निघते. भारताच्या 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग अग्निसुरक्षेचा आहे आणि आगीला अडवणाऱ्या भिंती व मजल्यांतली सेवांची भोके योग्य अग्निरोधक साहित्याने बंद करावीत असे तो सांगतो. हे काम बहुतेक वेळा खोट्या छताच्या वर आणि शाफ्टच्या आत होते, जिथे नंतर कोणी पाहत नाही. पाच वर्षांनी कोणी नवी केबल टाकताना भरण फोडतो आणि तसेच सोडून जातो. त्या भोकाची नोंद नसेल तर ते फुटले हे कोणाला कळण्याचा मार्गच नाही. इमारतीचा ताबा घेणाऱ्या गृहनिर्माण संस्था विकासकाकडून पूर्णत्वाचे नकाशे, लिफ्टची कागदपत्रे, पंपांची यादी मागून घेतात. त्याच यादीत आणखी एक कागद मागावा: कोणत्या मजल्यावर, कोणत्या भिंतीत वा स्लॅबमध्ये, कोणत्या पाइपासाठी किंवा केबलसाठी भोक आहे, ते ओतण्याआधीचे की नंतर कापलेले, आणि ते कशाने, कोणी बुजवले. प्रारूप संगणकावर केलेले असेल तर ही यादी काढायला फारसे कष्ट पडत नाहीत. ती दिल्याशिवाय ताबा पूर्ण झाला असे संस्थेने मानू नये.